टोमणे मारणारं कॅथेड्रल: स्ट्रासबर्गमधली भटकंती

बुधवार

जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून दुपारी निघाले, ऑफेनबुर्गला गाडी बदलली, केल स्टेशन गेलं आणि खाली ऱ्हाइन आली. नदी संपेसंपेपर्यंत फोनवर फ्रान्समध्ये स्वागत असल्याचा मेसेज वाजला. बस, एवढीच सरहद्द. शेंगेन व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा, राहण्याची बुकिंगं असा गठ्ठा जमवून आलेल्या माणसाला हे जरा अपमानास्पदच वाटतं. इतक्या कागदांनंतर निदान एखाद्या शिपायाने पासपोर्ट उलटसुलट करून बघावा की नाही!

गाडी शहरात शिरण्याआधीच घरांच्या वर कॅथेड्रलचा एक टोकदार मनोरा दिसायला लागला. एकच. युरोपातल्या मोठ्या चर्चांना समोरून दोन मनोरे बघायची सवय झालेली असते, त्यामुळे हे प्रकरण अर्धवट सोडल्यासारखं दिसतं. आहेही अर्धवटच. उत्तरेकडचा मनोरा १४३९ मध्ये पुरा झाला. दक्षिणेकडच्या बुरुजावर तसाच दुसरा चढवायचे बेत झाले, पण तो कधी चढलाच नाही.

होस्टेलात सॅक टाकली, लॉकरला कुलूप लावलं आणि निघाले. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. कमी दिवस हाताशी असलेल्यांनी यायला हा महिना उत्तम. जुनं शहर म्हणजे इल नदीच्या दोन फाट्यांमधलं बेट, 'ग्रांद इल'. युनेस्कोने १९८८ मध्ये ते जागतिक वारशात घेतलं. बेट लहान आहे, चालत सहज पालथं घालता येतं.

कॅथेड्रल पहिल्यांदा बघायचं तर र्यू मेर्सियेर या गल्लीतून बघावं. दोन्ही बाजूंना लाकडी चौकटींची उंच घरं, खाली आठवणवस्तूंची दुकानं, कापडी करकोचे, फ्रिजवर लावायची चुंबकं. आणि गल्लीच्या टोकाला अख्खी जागा अडवून उभी असलेली ती दर्शनी भिंत. मान वर करत जावं तर ती संपतच नाही. व्होज डोंगरातला वालुकाश्म आहे, त्याचा रंग थेट सोलकढीचा. संध्याकाळच्या उन्हात तो गडद होत गेला आणि मी सँडविच हातात धरून तशीच उभी राहिले.

या भिंतीचं काम १२७७ मध्ये सुरू झालं. एर्विन फॉन स्टाइनबाख हे नाव तिच्याशी जोडलेलं आहे. भिंतीच्या पुढे हातभर अंतर सोडून दगडाच्या बारीक उभ्या काड्यांची दुसरी जाळी उभी केली आहे, वीणेच्या तारांसारखी. तिचा भार पेलण्यात काहीच वाटा नाही. केवळ हौस. मनोऱ्याची उंची १४२ मीटर. १६४७ मध्ये जर्मनीतल्या श्ट्रालझुंडच्या चर्चचा मनोरा वीज पडून जळाला, तेव्हापासून १८७४ पर्यंत ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. शिवाजी महाराजांनी स्वराज्याचा डाव मांडला त्या सुमारापासून ते मुंबईत रेल्वे येऊन वीस वर्षं होईपर्यंत, असा हिशेब मी माझ्यापुरता केला.

चौकात वारा मात्र विलक्षण. बाकी शहरात पान हलत नव्हतं आणि इथे केस आवरता आवरत नव्हते. त्याची गोष्ट अशी सांगतात: सैतान वाऱ्यावर बसून फिरत होता. कॅथेड्रलवर आपलंच चित्र कोरलेलं दिसलं, म्हणून खूश होऊन तो आणखी चित्रं आहेत का बघायला आत शिरला आणि आतच अडकला. त्याचं वाहन, म्हणजे वारा, अजून बाहेर वाट बघत घिरट्या घालतोय. सैतान आत चर्चमध्येच आहे, असं चर्चबद्दलच सांगणारी गोष्ट गावाने शेकडो वर्षं जपावी, हे मला फार आवडलं.

रात्री दहाला वरून एक जड घंटा बराच वेळ वाजत राहिली. रोज वाजते म्हणे. ती ऐकत होस्टेलवर परतले.

गुरुवार

कॅथेड्रलमध्ये फुकट जाता येतं, आणि सकाळी लवकर गेलं तर गर्दीही नसते. आत अंधार आहे. डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग काचा एकेक करून पेटायला लागतात. उत्तरेकडच्या ओळीत जर्मन सम्राट उभे आहेत. ख्रिस्ताच्या देवळात राजांची रांग! दुसऱ्या महायुद्धात या काचा उतरवल्या गेल्या आणि शेवटी हाइलब्रॉनजवळच्या मिठाच्या खाणीत सापडल्या. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या कला-वारसा अधिकाऱ्यांनी त्या परत पाठवल्या. गाभाऱ्यातली मधली काच मात्र नवी आहे, माक्स आँग्राँने केलेली, युरोप परिषदेने १९५६ मध्ये भेट दिलेली. मेरीच्या डोक्यावर निळ्यात पिवळे तारे आहेत, म्हणजे थेट युरोपचा झेंडा.

भव्य, दिव्य वगैरे सगळं आहेच. पण तासाभराने मी भव्यतेकडे बघायचं सोडून दिलं, कारण बारीकसारीक गोष्टींत जास्त मजा होती. हे कॅथेड्रल टोमणे मारतं.

पहिला टोमणा ऑर्गनवर. इथला ऑर्गन जमिनीवर नाही, उंच भिंतीला पाकोळीच्या घरट्यासारखा चिकटवला आहे. त्याच्या तळाशी तीन रंगीत लाकडी आकृत्या आहेत: मधे सिंहाचा जबडा फाडणारा सॅमसन, एका बाजूला तुतारीवाला, दुसऱ्या बाजूला दाढीवाला ब्रेत्झेलविक्या (ब्रेत्झेल म्हणजे गाठ मारलेला खारा पाव). यांचे हातपाय आणि तोंडं हलवता येतात. पंधराव्या शतकात पेंटेकॉस्टच्या सणाला आसपासच्या खेड्यांतले लोक मिरवणुकीने यायचे, तेव्हा ऑर्गनच्या आड लपलेला कोणीतरी या ब्रेत्झेलविक्याच्या तोंडून आरडाओरडा करायचा, खेडुतांची टर उडवायचा, चावट गाणी म्हणायचा. खाली प्रार्थना चालू आणि वर हा तमाशा. गायलर फॉन कायझर्सबर्ग नावाच्या गाजलेल्या धर्मोपदेशकाने याबद्दल तक्रारी केल्या होत्या. गर्दीला हसवणाऱ्या लाकडी बाहुल्याशी स्पर्धा करायची म्हणजे कोणाही वक्त्याचं डोकं फिरणारच.

त्या गायलरसाठीच १४८० च्या दशकात हान्स हामरने दगडाचं व्यासपीठ घडवलं. पन्नासेक चिमुकल्या मूर्ती, सुईने विणावी तशी जाळी. त्याच्या जिन्यापाशी एक छोटा कुत्रा झोपलेला आहे. गायलरचा कुत्रा म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्यांनी हात फिरवून फिरवून त्याला गुळगुळीत केलंय. मीही फिरवला.

दक्षिणेच्या बाजूला गेलं की देवदूतांचा स्तंभ येतो. १२३० च्या सुमाराचा. एकाच खांबाला तीन मजल्यांत बारा मूर्ती: खाली चार शुभवर्तमानकार, वर तुताऱ्या फुंकणारे देवदूत आणि सर्वांत वर न्याय करायला बसलेला ख्रिस्त. अंतिम निवाड्याचा प्रसंग दरवाज्यावर आडवा न मांडता खांबावर उभा मांडलाय. बघायला मान दुखते, पण खांबाभोवती फिरत फिरत बघण्यासारखा आहे.

आणि त्या खांबासमोरच्या कठड्यावर कोपर टेकून एक दगडी माणूस बसला आहे. तो खांबाकडे बघतोय. कथा अशी की, एवढा बारीक खांब छप्पर पेलणार नाही, पडणार म्हणजे पडणार, असं हा बाबा सगळ्यांना सांगत सुटला होता. कारागिरांनी त्याला सांगितलं, बस मग, पडेपर्यंत बघत बस. म्हणून तो बसलाय. आमच्या सोसायटीच्या कमिटीतले दोनतीन चेहरे लगेच डोळ्यांसमोर आले.

गंमत अशी की, त्या माणसाची शंका अगदीच फोल नव्हती, फक्त खांब चुकला. कॅथेड्रलच्या पोटात एक तळं आहे, त्यात होडी चालते, अशी इथली जुनी दंतकथा. तळं नाही, पण पाया भूजलात ठोकलेल्या लाकडी मेखांवर आहे हे खरं. लाकूड पाण्यात बुडालेलं असलं तर शतकानुशतकं टिकतं. पाण्याची पातळी खाली गेली, मेखांना हवा लागली, त्या कुजल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या मनोऱ्याखालचा खांब खचायला लागला. योहान क्नाउथ या स्थपतीने वरचा सगळा भार तोलून धरून खाली काँक्रीटचा नवा पाया घालायची योजना आखली आणि १९१२ च्या सुमारास काम सुरू केलं. मधे महायुद्ध आलं. १९१८ ला शहर जर्मनीकडून फ्रान्सकडे गेलं आणि क्नाउथ पडला जर्मन. त्याला काम आणि शहर दोन्ही सोडावं लागलं. १९२६ मध्ये पाया पुरा झाला तेव्हा तो हयात नव्हता. १४२ मीटरचा तो मनोरा आज सरळ उभा आहे तो त्याच्यामुळे.

अकरा वाजून गेल्यावर सगळ्यांना बाहेर काढतात आणि खगोलीय घड्याळ बघायला दक्षिण दरवाज्याने तिकीट लावून परत आत घेतात. आधी घड्याळावर एक फिल्म दाखवतात. शाळेच्या सहली, म्हातारी जर्मन जोडपी, आणि सगळ्यांचे फोन वर.

घड्याळाचा नक्षीदार सांगाडा सोळाव्या शतकातला आहे, आतली यंत्रणा १८३८ ते १८४२ या काळातली, जाँ-बातिस्त श्विल्गेची. जुनं घड्याळ १७८८ पासून बंद पडलं होतं. लहानग्या श्विल्गेने ते बंद घड्याळ बघून 'हे मी चालू करीन' असं म्हटलं आणि लोक त्याला हसले, अशी गोष्ट सांगतात. साठीला टेकल्यावर त्याला ते काम मिळालं. त्याने त्यात काय काय घातलंय! ग्रहांच्या जागा, ग्रहणं, दरवर्षी ईस्टर कधी येईल याचं गणित करणारी चाकांची यंत्रणा, आणि सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरा घेणारं चक्र, पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीसाठी, म्हणजे अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो त्यासाठी. कोण तपासायला येणार आहे?

खाली वाराची देवता रथात बसून येते. गुरुवार होता, म्हणून ज्युपिटर उभा होता. शुक्रवारी व्हीनस, शनिवारी सॅटर्न. आपल्या पंचांगातलेच ग्रह, फक्त कपडे वेगळे. शेजारच्या शाळकरी मुलांपेक्षा मला हे लवकर कळलं याचा उगाच अभिमान वाटला.

प्रेषितांची मिरवणूक साडेबाराला निघते, कारण घड्याळात तेव्हा बारा वाजतात. ते स्ट्रासबर्गच्या स्वतःच्या सूर्याप्रमाणे चालतं आणि युरोपच्या प्रमाणवेळेपेक्षा अर्धा तास मागे आहे. मुंबईनेही १९५५ पर्यंत आपली वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे ठेवली होती, त्यामुळे मला या हट्टाचं काही विशेष वाटलं नाही. एक देवदूत टोला देतो, दुसरा वाळूचं घड्याळ उलटं करतो. मधे हाडांचा सापळा उभा, तो मृत्यू. त्याच्यासमोरून पाव पाव तासाला बालक, तरुण, प्रौढ आणि म्हातारा असे एकेक जातात. तासाचा टोला मात्र मृत्यूच देतो. वरच्या मजल्यावर बारा प्रेषित ख्रिस्तासमोरून वाकून जातात आणि मधूनमधून कोंबडा पंख फडफडवत तीनदा आरवतो. आरवणं इतकं घोगरं आणि बेसूर की सगळं सभागृह हसलं. पीटरने ख्रिस्ताला ओळखत नाही म्हटलं, त्याची ही आठवण. बाराही प्रेषितांच्या मिरवणुकीत त्यातल्या एकाला सगळ्यांसमोर रोज डिवचायचं, हा आणखी एक टोमणा.

रात्री फ्लामकुश खाल्लं. पातळ लाटलेली पोळी, तिच्यावर घट्ट आंबूस साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे, भट्टीत कडा करपेपर्यंत भाजलेलं. मांस नको असेल तर मशरूमचं मिळतं. स्वस्त, पोटभर, आणि हाताने खाल्लं तरी कोणी बघत नाही.

शुक्रवार

सकाळी मनोरा. तिकीट काढून गोल जिन्याने तीनशेतीसच्या आसपास पायऱ्या चढून ६६ मीटरवरच्या गच्चीवर जाता येतं. त्याच्यावरचा निमुळता भाग बंद असतो. जिना बाहेरच्या बाजूने दगडी जाळीतून उघडा आहे. पायाखाली शहर, कानात वारा. सह्याद्रीतले गड चढलेल्यांना दम लागणार नाही, पण तिथे निदान डोंगर तरी भरीव असतो. इथे पायरीला हात लावला तर पलीकडून उजेड येतो.

जर्मन कवी गटेला उंचीची भीती वाटायची. १७७०-७१ मध्ये तो इथे कायदा शिकत होता, तेव्हा ती भीती मोडायला तो मुद्दाम मनोऱ्यावर चढून उघड्यावर उभा राहायचा, पुन्हा पुन्हा. त्याचं नाव गच्चीवरच्या दगडात कोरलेलं आहे. गडांवर 'अमुक लव्ह तमुक' कोरणाऱ्यांना मी आजवर मनापासून शिव्या दिल्या आहेत. गटेलाही एक दिली.

गच्चीवर पूर्वी पहारेकरी राहायचे, आग किंवा शत्रू दिसला की इशारा द्यायला. एका बाजूला व्होज, दुसऱ्या बाजूला ब्लॅक फॉरेस्ट, मधे ऱ्हाइनचं सपाट खोरं. दोन डोंगरांमधली ही मोकळी पट्टी बघितली की हे शहर सारखं हातोहात का फिरलं ते नकाशाशिवाय समजतं. १६८१ मध्ये चौदाव्या लुईने घेतलं, १८७१ ला जर्मनीकडे, १९१८ ला फ्रान्सकडे, १९४० ला नाझींकडे, १९४४ ला परत फ्रान्सकडे. लक्लेर या फ्रेंच सेनानीने मार्च १९४१ मध्ये लिबियाच्या वाळवंटात, कुफ्रा इथे, सैनिकांसह शपथ घेतली होती की स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलवर आपला झेंडा फडकेपर्यंत शस्त्र खाली ठेवायचं नाही. २३ नोव्हेंबर १९४४ ला तो फडकला.

कॅथेड्रलही तसंच फिरलं. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंटांचं झालं, लुईने परत कॅथलिकांना दिलं, क्रांतीत ते 'विवेकाचं मंदिर' झालं. १७९३ मध्ये बाहेरच्या दोनशेहून जास्त मूर्ती फोडल्या गेल्या. निसर्गशास्त्राचा प्राध्यापक जाँ हेर्मान याने काही मूर्ती वनस्पती उद्यानात लपवून वाचवल्या. मग तेतेरेल नावाच्या क्रांतिकारकाने मागणी केली की मनोराच पाडा, एवढी उंची समतेला धरून नाही. सगळी घरं बुटकी असताना एकानेच उंच का असावं? यावर गावकऱ्यांनी काढलेली तोड केवळ थोर आहे. त्यांनी क्रांतीची लाल टोपी पत्र्याची करून, अवाढव्य आकाराची, मनोऱ्याच्या टोकावर चढवली. आता हा मनोराही क्रांतिकारक, त्याला कसा पाडणार? मनोरा वाचला. ती टोपी पुढे जपून ठेवली होती, ती १८७० च्या प्रशियन तोफमाऱ्यात जळाली. त्याच वेढ्यात शहराचं ग्रंथालय आणि बाराव्या शतकातली एक अनमोल चित्रपोथीही खाक झाली.

दुपारी 'म्युझे द ल'अव्र नोत्र-दाम' बघितलं. कमी वेळ असेल तर बाकीची म्युझियमं सोडा, हे बघा. तेराव्या शतकापासून कॅथेड्रलची देखभाल करणारी जी संस्था आहे, तिचंच हे घर. तिचे पाथरवट आजही छिन्नी-हातोडीने झिजलेले दगड बदलत असतात. युरोपातल्या अशा कार्यशाळांची परंपरा युनेस्कोने २०२० मध्ये नोंदवून घेतली, त्यात हीही आहे. दर्शनी भिंतीचे चर्मपत्रावरचे मूळ आराखडे इथे आहेत, त्यातला एक चार मीटरहून लांब. राजे बदलले, पंथ बदलले, देश बदलले, पण दगड बदलणारे तेच राहिले. माझ्या लेखी या शहरात सातत्य असं काही असेल तर एवढंच.

बऱ्याच मूळ मूर्ती ऊनपावसापासून वाचवून इथे आणल्या आहेत, कॅथेड्रलवर प्रतिकृती आहेत. 'भुलवणारा' इथे भेटला. डोक्यावर मुकुट, चेहऱ्यावर गोड हसू, हातात सफरचंद, आणि मागे जाऊन बघितलं तर पाठीवर बेडूक आणि साप वळवळतायत. शेजारची, बायबलमधल्या गोष्टीतली मूर्ख कुमारिका त्याच्याकडे बघून खुदकन हसतेय. तिला त्याची पाठ दिसत नाही, आपल्याला दिसते.

मग पुढच्या दालनात 'एक्लेसिया' आणि 'सिनागोगा'. म्हणजे चर्च आणि यहुदी धर्म, दोन स्त्रियांच्या रूपात. तेराव्या शतकातल्या. चर्च मुकुट घालून, क्रूस धरून ताठ उभी. सिनागोगाच्या डोळ्यांवर पट्टी, हातातला भाला मोडलेला, मान वळलेली, धर्माज्ञांच्या पाट्या बोटांतून निसटतायत. तिला सत्य दिसत नाही, असं शिल्पकाराला म्हणायचंय. आणि त्याने तिला चर्चपेक्षा कितीतरी सुंदर घडवलंय. त्या पातळ पट्टीखालचे डोळे दगडात जाणवतात. मी तिच्यासमोर बराच वेळ होते.

इथवर मला या कॅथेड्रलचे सगळे टोमणे आवडले होते. हा आवडला नाही. ही जोडी दक्षिण दरवाज्यावर उभी होती, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी, आणि गावात यहुदी वस्ती होती. १४ फेब्रुवारी १३४९ ला, प्लेगची साथ अजून शहरात पोचायची होती तेव्हा, विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन इथल्या यहुद्यांना जिवंत जाळलं. मेलेल्यांचा आकडा काही जुन्या नोंदींत दोन हजारांपर्यंत जातो. त्यानंतर जवळजवळ क्रांतीपर्यंत यहुद्यांना शहरात रात्री राहायची बंदी होती. दिवसा पैसे भरून यायचं, धंदा करायचा, आणि रात्री कॅथेड्रलवरून शिंग फुंकलं जायचं. अल्सासच्या, म्हणजे या प्रांताच्या, यहुद्यांना नागरिकत्व मिळालं ते १७९१ मध्ये.

रात्री दहाची घंटा वाजली तेव्हा मी नदीकाठी होते. शहराचे दरवाजे बंद करायच्या वेळेची ही घंटा. बुधवारी ती ऐकून छान वाटलं होतं.

शनिवार

आज कॅथेड्रलपासून लांब राहायचं ठरवलं होतं. फारसं जमलं नाही, ते सगळीकडून दिसतं.

गुटेनबर्ग चौकात त्याचा १८४० चा पुतळा आहे, दाव्हीद दाँजेचा. गुटेनबर्ग १४३४ ते १४४४ या काळात याच शहरात होता आणि छपाईचे पहिले प्रयोग त्याने इथेच केले असं शहराचं म्हणणं. माइन्त्सला गेलात तर तिथले लोक वेगळं सांगतील. पुतळ्याच्या चौथऱ्यावर चार खंडांचे चार ब्राँझचे देखावे आहेत. आशियाच्या देखाव्यात प्राच्यविद्येचे अभ्यासक विल्यम जोन्स आणि आँकेतिल-द्युपेराँ ब्राह्मणांना छापील पुस्तकं देऊन त्यांच्याकडून हस्तलिखितं घेताना दाखवलेत, आणि जवळच राममोहन रॉय आहेत. फ्रान्सच्या एका कोपऱ्यातल्या चौकात, लहान मुलांच्या चक्रीझुल्याशेजारी, राममोहन रॉय! देवाणघेवाण बरोबरीची झाली का, हा प्रश्न ब्राँझला विचारता येत नाही.

सेंट थॉमस चर्चमध्ये मार्शल द साक्सची समाधी आहे, पिगालने घडवलेली. हा फ्रान्सचा मोठा सेनापती, पण ल्यूथरपंथी, त्यामुळे पॅरिसच्या कॅथलिक चर्चांत त्याला जागा नाही. म्हणून राजाने त्याला इथे पाठवलं. मार्शल ताठ मानेने उघड्या शवपेटीकडे पायऱ्या उतरतोय, मृत्यू वाळूचं घड्याळ दाखवतोय आणि फ्रान्स नावाची बाई मधे पडून अडवतेय. जरा नाटकी आहे. तिथला झिल्बरमानचा ऑर्गन मात्र मोत्सार्टने १७७८ मध्ये वाजवलाय.

पुढे 'पेतित फ्रांस': कालवे, फुलांच्या कुंड्या, तिरकी घरं, चामडी कमावणाऱ्यांची जुनी वस्ती. कातडी वाळवायला घरांचे वरचे मजले उघडे ठेवलेले असायचे. आता तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग असते. पण नाव गोंडस वाटतंय ते फसवं आहे. इथे गरमी (सिफिलिस) झालेल्या रोग्यांचं इस्पितळ होतं आणि जर्मन लोक त्या रोगाला फ्रेंच रोग म्हणत, त्यावरून वस्तीला हे नाव पडलं. टोमणे फक्त कॅथेड्रलच मारत नाही. कालव्याच्या टोकाला व्होबाँ या फ्रेंच किल्लेतज्ज्ञाच्या योजनेने सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला बंधारा आहे. शत्रू आला की दरवाजे लावून दक्षिणेकडचा मुलूख पाण्याखाली घालायचा, अशी सोय. त्याची गच्ची फुकट आहे आणि शहराचा सर्वांत चांगला देखावा तिथूनच.

युरोपियन संसदेची काचेची इमारत बाहेरून बघितली. तिचा मनोराही मुद्दाम अपुरा ठेवल्यासारखा आहे. आत जायचा कंटाळा केला. त्याऐवजी शेजारच्या ओरांजेरी बागेत करकोचे बघितले. १९७० च्या दशकात अल्सासमध्ये करकोच्यांच्या दहाच्या आत जोड्या उरल्या होत्या, मुद्दाम वाढवून परत आणले. आता झाडांवर मोटारीच्या टायरएवढी घरटी आहेत आणि खाली बाकांवर बसायची सोय नाही, कारण उघड आहे.

संध्याकाळी ट्राम पकडून जर्मनीत गेले. खरंच. २०१७ पासून इथली शहर ट्राम ऱ्हाइन ओलांडून केलला जाते. डब्यात रिकाम्या पिशव्या घेतलेले फ्रेंच लोक. साबण, शांपू, सिगारेटी पलीकडे स्वस्त. दुकानातली जर्मन बाई सगळ्यांशी फ्रेंचमध्येच बोलत होती. ज्या नदीसाठी तीन युद्धं झाली तिच्यावरून लोक आता डायपरचे गठ्ठे घेऊन घरी जातात. परत येताना ट्राम सोडून पादचारी पुलावरून चालत आले. पुलाच्या मधोमध चौथरा आहे, तिथे तरुण मुलं बियर पीत बसली होती, पाय फ्रान्सच्या बाजूला सोडून.

रविवार

सकाळची गाडी ऑफेनबुर्गला, तिथून ब्लॅक फॉरेस्टची गाडी. ही गाडी किंत्सिग नदीच्या काठाने डोंगरात चढत जाते, बोगद्यांमागून बोगदे. ऑफेनबुर्ग सोडल्यावर थोड्याच वेळात गेंगेनबाख नावाचं लहानसं गाव येतं. स्ट्रासबर्ग सोडावं लागलेला क्नाउथ या गावात १९२४ मध्ये वारला. गाडी मिनिटभरच थांबली. समोरच्या आजोबांना मी विचारलं, क्नाउथ माहीत आहे का? त्यांनी मान हलवली, नाही. कोण होता? मी फोनवरचा मनोऱ्याचा फोटो दाखवून, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, पाया, लाकूड, पाणी, काँक्रीट असं काहीतरी सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून खालचा खांब शोधायचा प्रयत्न केला. फोटोत तो आलाच नव्हता. मग त्यांनी पिशवीतली चेरी पुढे केली आणि विचारलं, दुसरा मनोरा कुठे गेला?